आखाजीला आईसाठी कोणत्या रंगाची साडी नेऊ?

पत्र

मावशी, नमस्कार.

आम्ही दोघं आणि सहा वर्षांचा मुलगा, सुरतेला लिंबायतमध्ये राहतो. हे एम्ब्रॉयडरीच्या खात्यात (कारखान्यात) मशीनवर आहेत, मी घरी साड्यांना टिकल्या आणि स्टोन लावते. सासर दोंडाईच्याजवळ, माहेर अमळनेर तालुक्यात. दोन वर्षांनी यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी जायचं ठरलंय आणि आमच्या घरात महिनाभर दुसरा विषय नाही. रात्री जेवणं झाली की आम्ही वही घेऊन बसतो. कोणाला काय न्यायचं ते लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो. मुलगा रोज झोपताना विचारतो, उद्या उठलो की गाव का? तुपाच्या पाच किलोच्या रिकाम्या डब्यात दोघांनी मिळून २२,००० रुपये जमवलेत.

पण मागच्या आठवड्यापासून त्या वहीवरूनच वाद चाललाय. ह्यांना त्यांच्या आईसाठी फुल ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन घ्यायचंय, २८,००० चं, हप्त्यावर. चुलतभावाने मागच्या दिवाळीला फ्रीज आणला, गावभर त्याचं नाव झालं. माझ्या माहेरच्या पानावर मात्र ‘साडी १, भावाला शर्ट’ एवढंच आहे. बोलले तर म्हणतात, तुझ्या आईला कुठे काय लागतं? त्यात सासूबाईंचा फोन आला, आखाजी इथेच करा. माझे वडील मागच्या भाद्रपदात गेले. आखाजीला पितरांच्या नावाने घागर पुजतात, यंदा त्यांची पहिली घागर आहे. आखाजीला सोनं घ्यावं म्हणतात, त्याचं काय करू? आणि एक छोटं विचारायचं होतं. आईची साडी घ्यायला तीनदा दुकानात जाऊन रिकाम्या हाताने आले. कोणत्या रंगाची घेऊ, कळत नाही.

— सुरतेची एक लेक

उत्तर

बाई माझी, साडीचं तू अगदी शेवटी विचारलंस, निघताना उंबऱ्यावर थांबून विचारावं तसं. त्याला निवांत जागा हवी, म्हणून मीही ते मागे ठेवते.

आधी ती वही. भांडण झालं म्हणून ती बंद करू नका. दिवसभर एक जण मशीनच्या खडखडाटात आणि दुसरी सुई-डिंकात, आणि रात्री दोघं एका वहीवर वाकून गावाकडच्या माणसांची नावं घेताय, यापरती आखाजीची तयारी कोणती? पूर्वी आमच्याकडे फाल्गुन संपला की सासुरवाशिणी भिंतीवर कोळशाने रेघा ओढत, माहेरी नेणारा मुऱ्हाळी यायला किती दिवस उरले ते मोजायला. तुमच्याकडे रेघांऐवजी वही आहे आणि मोजायला एक पोरगा आहे.

आता मशीन. मला सांग, तुझ्या सासरी चैत्र-वैशाखात नळाला पाणी किती दिवसांनी येतं? आमच्या धुळे-जळगावकडच्या कितीतरी गावांत या दिवसांत आठवड्याने येतं, कुठे त्याहून उशिरा. पाणी आलं की बायका हातातलं काम टाकून टिपं, हंडे, टाक्या, पातेलीसुद्धा भरून ठेवतात. फुल ऑटोमॅटिक मशीनला चालू नळ लागतो आणि नळाला जोर लागतो. टिपातून तांब्याने पाणी ओतून ते धड चालत नाही. धुणं झालं की ते खळाळून पाणी सोडून देतं, आणि ते वाहून जाताना बघणं तुझ्या सासूबाईंच्या जिवावर येईल. अशी मशीनं मी नात्यातल्या दोन-तीन घरांत पाहिली आहेत. वर टॉवेल अंथरलेला, त्यावर औषधांच्या गोळ्या आणि लाईटबिलं. देणाऱ्याचं मन मोडू नये म्हणून घरचे ‘छान चालतं’ म्हणतात, आणि आई अंगणात दगडावर धुणं आपटत असते.

त्यात हप्ता. ‘बिनव्याजी’ लिहिलेलं असलं तरी प्रोसेसिंग फी कापतात, आणि रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती हप्तेवाल्याला बहुधा मिळत नाही. व्याज तिथेच बसलेलं असतं. सुरतेची खाती दिवाळीनंतर किती दिवस बंद असतात हे तुला मी काय सांगू? खातं बंद म्हणजे पगार बंद. हप्त्याची तारीख मात्र येतेच. सहा माणसांना खूश करायला निघायचं आणि परत आल्यावर दोघांनी कॅलेंडरकडे बघत बसायचं, हे मला पटत नाही.

पुढचं जावईबापूंना वाचून दाखव. जावईबापू, तुमच्या पोटातली गोष्ट मला कळते. सिंदखेडा-दोंडाईच्याचा तो पट्टा कोरडवाहू, पाऊस गेला की वर्ष गेलं. तिथली पोरं पिढ्यान् पिढ्या तापीचं पाणी जिकडे जातं तिकडेच गेली, सुरतेला. पंधरा-सोळा वर्षांचं पोर पत्र्याच्या खोलीत दहा जणांत झोपतं, बारा-बारा तास उभं राहतं, आणि वर्षाने गावी जाताना त्याला वाटतं, आपण तिकडे काय केलं ते आईला दिसावं. यात वाईट काही नाही. पण तुमच्या आईला ते दिसतं हो. तुमचं सामान दारात टेकण्याआधी ती तुमच्या चेहऱ्याकडे बघते, वाळलात की भरलात ते. फ्रीज बघायला गल्ली येते. आई बघते ते वेगळं.

मी सांगते ते करा. आईची खरेदी सुरतेत करूच नका. गावी पोहोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत आईला घेऊन दोंडाईच्याला जा. तुम्ही दोघंच, मायलेक. नऊवारी नेसणारी बाई लुगड्याचा पोत चिमटीत धरून बघते, काठ ओढून बघते, धुतल्यावर कसं होईल ते दुकानदाराला विचारते. तुम्ही सुरतेहून आणलेलं लुगडं ती ‘लई भारी’ म्हणून पेटीत ठेवेल. दुकानात बसून, चार खाली काढायला लावून, स्वतः घेतलेलं नेसेल. मग तिच्या चष्म्याचा नंबर तपासून घ्या. वयाच्या बायका सुईत दोरा ओवायला नातवाला हाक मारतात आणि घरात कोणाच्या लक्षात येत नाही. उसाचा रस प्या, आणि येताना तिला रिक्षात खिडकीकडे बसू द्या. लेकाबरोबर बाजाराला गेलेली आई पुढचं वर्षभर त्या फेरीचं सांगत राहते, हे मी पैजेवर सांगते.

मशीन द्यायचंच असेल तर दिवाळीनंतर, घरावर टाकी बसली की सेमी-ऑटोमॅटिक घ्या. त्यात बादलीने पाणी ओतता येतं आणि तेच साबणाचं पाणी दुसऱ्या धुण्याला वापरता येतं. तेही दोंडाईच्यातून घ्या, म्हणजे बिघडलं तर दुरुस्तीवाला गावातून येईल. तुमच्या वडिलांसाठी मात्र सुरतेहूनच एक वस्तू न्या: डोक्याला बांधायची चार्जिंगची बॅटरी, चांगल्यापैकी. शेतीपंपाची लाईट कितीतरी गावांत पाळीने येते, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. रात्रीच्या पाळीला ते तोंडात मोबाईल धरून पिकाला पाणी (बारं) देत असतील. बांधावर साप-विंचू असतो. दोन्ही हात मोकळे राहिले तर त्यांना तुमची रोज आठवण येईल.

नणंदेला साडी चालेल, सुरतेच्या माणसाकडून सगळ्यांना साडीचीच अपेक्षा असते. तिच्या पोरांना खेळण्यांपेक्षा पाटी-रंग-वह्या बऱ्या, पण एखादं खेळणं असू दे, पोरं ती पोरं. मिठाई म्हणून घारी नेऊ नका. तुपातला आणि माव्याचा पदार्थ, वैशाखातल्या डब्यात तासन् तास टिकणार नाही. सुरतेची नानखटाई न्या. कोरडी असते, आठ दिवस टिकते आणि चहाबरोबर म्हाताऱ्यांनाही चावता येते. चॉकलेट तर नकोच, नंदुरबारला पोहोचेपर्यंत त्याचं पाणी होईल.

सोन्याचं विचारलंस. मुहूर्तासाठी कर्ज काढून सोनं घेऊ नको, त्याने कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नाही. पुढे कधी जळगावला जाऊन एखादा दागिना घ्यावासा वाटला तर दागिन्यावर हॉलमार्क, शुद्धतेचा आकडा (२२ कॅरेटला ९१६) आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांक बघून घे. १ एप्रिल २०२३ पासून तो नसलेला हॉलमार्कचा दागिना सराफाला विकता येत नाही. बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक टाकला की खरं-खोटं कळतं. बिल पक्कं घे. यंदा एवढं माहीत असलं तरी पुरे.

आता २२,००० रुपयांचं. तिकिटांचे, वाटखर्चाचे आणि परत आल्यावर महिना रेटायचे मिळून सात हजार आधी काढून कपाटात ठेव, ते पैसे डब्यात नाहीतच असं समज. राहिले पंधरा. त्यातले दोन पोराबाळांचे आणि नणंदेचे. उरलेले तेरा दोन घरांचे, निम्मे-निम्मे. इथे मी जरा ठाम बोलते, राग मानू नका. त्या डब्यात टिकल्यांचे पैसे आहेत. एकेक स्टोन चिकटवून, मान मोडून, डोळे चुरचुरेपर्यंत बसून मिळवलेले. तेव्हा वहीत ‘तुझं माहेर’ आणि ‘माझं घर’ अशी दोन पानं नकोत. दोन घरं, दोघांचे पैसे, आणि दोन्ही घरांत वस्तू देताना दोघांनी हात लावून द्यायच्या.

आखाजी कुठे करायची? परंपरेचंच ऐकायचं तर उत्तर सोपं आहे. बाकी महाराष्ट्रात अक्षय्य तृतीया म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक. आपल्या खानदेशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण, दिवाळीच्या बरोबरीचा. सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, साल याच दिवशी बदलतं, तशी सासुरवाशिणीचीही सुटका याच दिवसांत. चैत्रात गौराई बसते, लेकी आल्या की कडुनिंबाला झोके बांधतात, खापरावर मांडे होतात, रस काढतात, म्हातारेकोतारे ओट्यावर पत्ते कुटतात. तुझ्या नणंदेलाही त्या दिवशी तिची आई बोलावणारच ना? लेकीची वाट बघणं काय असतं हे तुझ्या सासूबाईंना कोणी शिकवायला नको. मात्र हे त्यांना तू सांगू नकोस. लेकाने सांगू दे, आणि आताच फोनवर सांगू दे. तिथे गेल्यावर सांगितलं तर रडारड होईल. ‘आई, आम्ही चार दिवस आधी येतो, चार दिवस तुझे. आखाजीच्या आदल्या दिवशी हिला घ्यायला हिचा भाऊ येईल. हिच्या वडिलांची पहिली घागर आहे.’ एवढंच. पहिल्या घागरीचं ऐकल्यावर नको म्हणणारी बाई मी खानदेशात पाहिली नाही.

भावाला मुऱ्हाळी म्हणून बोलाव. बाप गेलेल्या पोराला यंदा पहिल्यांदा कर्त्यासारखं बहिणीच्या दारात यायचंय. सासरच्यांनी त्याला टोपी-रुमाल द्यावा, हे जावईबापूंनी आईच्या कानात घालून ठेवावं. दोंडाईचा आणि अमळनेर एकाच रुळावर आहेत, आणि एसटीने गेलात तर तुला निम्मं तिकीट आहे. जावईबापू, तुम्ही घरच्या पितरांची घागर पुजून, जेवून, दुसऱ्या दिवशी सासरवाडीला या. रिकाम्या हाताने आलात तरी चालेल, पण दोन दिवस काढून या.

त्या दोन दिवसांत तुम्हाला एक काम आहे. ‘तुझ्या आईला कुठे काय लागतं’ असं तुम्ही म्हणालात, म्हणून सांगते. सासरे जाऊन सात-आठ महिने झाले. सातबाऱ्यावर वारस नोंद झाली का? बहुतेक घरांत तेराव्यानंतर हे राहून जातं. मृत्यूचा दाखला, आधार, वारसांची माहिती घेऊन सासूबाईंना तलाठी कार्यालयात घेऊन जा. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवा बायको, मुलगा, मुलगी, सगळे पहिल्या वर्गाचे वारस आहेत, म्हणून तिचं नाव लागलंच पाहिजे. ‘पोराचं नाव लावलं की झालं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. मग तहसीलला संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करा. अटीत बसल्या तर विधवा बाईला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. एकोणीस-वीस वर्षांचा मेहुणा ही दारं एकटा ठोठावायला बुजतो. तुमच्यासारखा शहरात राहिलेला माणूस शेजारी उभा राहिला की काउंटरवरचा माणूस नीट बोलतो. याला डब्यातला एक रुपया लागणार नाही, आणि असा आहेर त्या घरात यंदा कोणी आणणार नाही.

आता ये, साडीकडे.

तीनदा दुकानात गेलीस आणि रिकामी आलीस. मला माहीत आहे तिथे काय झालं. हात गेला तो हिरवीकडे किंवा जांभळीकडे, आणि मग मनात आलं, लोक काय म्हणतील. मग दुकानदाराला म्हणालीस, ‘फिकी दाखवा, वयस्कर बाई आहे.’ त्याने राखाडी, बदामी, मळकट निळी काढली, आणि ती उलगडल्यावर तुला आपली आई तिच्यात दिसेना.

मी माझ्या आईला बारा वर्षं फिक्या साड्या नेल्या. वडील गेले तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. मला कोणी सांगितलं नव्हतं, तिने मागितल्या नव्हत्या, मीच ठरवून टाकलं. दरवर्षी ती पिशवी उघडायची, ‘चांगली शे’ म्हणायची आणि घडी मोडायची. एका आखाजीला माझी भाची, सात-आठ वर्षांची, रस खाता खाता तिला म्हणाली, ‘आजी, तुना आवडता रंग कोनता?’ आईने जरासुद्धा विचार केला नाही. ‘जांभया,’ म्हणाली. पिकल्या जांभळाचा. मी तिची सख्खी लेक, मला तोवर माहीत नव्हतं. कारण मी कधी विचारलंच नव्हतं. पुढच्या आखाजीला मी जांभळी साडी नेली. ती नेसून झोक्याजवळ येऊन बसली. चार वर्षं तिने ती नेसली. अजून आठ-दहा नेसता आल्या असत्या, हा हिशेब माझ्या मनातून जात नाही.

म्हणून तुला सांगते, आजच फोन कर. ती एकटी असेल अशा वेळी कर, दुपारी भांडी झाल्यावर. शेजारीण बसलेली असेल तर आई खरं बोलणार नाही. ‘कोणत्या रंगाची आणू’ असं विचारू नकोस, लगेच ‘आन कसी बी, फिकी आन’ म्हणेल. असं विचार, ‘आई, तू लहान होतीस तेव्हा तुझ्या माहेरी आखाजीला तुला कोणत्या रंगाचं परकर-पोलकं शिवलं होतं?’ मग ऐकत राहा. रंग आपोआप येईल.

गाव काय म्हणेल? म्हणेल थोडं. पण गावंही बदलतायत, बाई. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढून घेणं आपल्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तो कित्ता गिरवायला सांगितलं. शेतकऱ्यांच्या गावात, ग्रामसभेत उभं राहून झालेली ही गोष्ट आहे. तुझ्या गावात कोणी बोललंच तर तुझ्या भावाला हे सांगता यायला हवं, म्हणून लिहिलं.

एक मात्र सांभाळ. आईवर जबरदस्ती नको. नवरा जाऊन वर्ष झालेलं नाही, तिचं दुःख तिचं आहे, आणि कदाचित तिलाच अजून रंग नकोसा वाटत असेल. ती नाही म्हणाली तर वाद न घालता साडी तिच्या पेटीत ठेवून ये. ‘तुला वाटेल तेव्हा नेस’ म्हण. दिवाळीला वाटेल, पुढच्या आखाजीला वाटेल. रंगीत साडी पेटीत असली तर वाटायला जागा राहते. पेटीत सगळ्याच फिक्या असल्या तर तीही राहत नाही. आणि आखाजीच्या दिवशी ओट्या भरताना ती मागे सरकून चुलीपाशी जाऊन बसेल, बघ तू. तिला हाताला धरून आण, आपल्या शेजारी बसव, आणि नातवाच्या हातून तिला ती साडी दे. सगळ्यांसमोर. नातवाला कोणी बोलत नाही.

साडी साधीच घे, सुती किंवा सिंथेटिक, तिला रोज नेसता येईल अशी. जरी-बिरी नको. आणि पदरावर तू स्वतः एक ओळ लाव, तुझ्या टिकल्यांची. एकच ओळ, बारीक. तू रोज परक्या बायकांच्या लग्नाच्या साड्या सजवतेस, तुझ्या आईने तुझं काम कधी हातात घेऊन पाहिलंय का? मला वाटतं नसेल पाहिलं. तिला वाटत असेल, लेक सुरतेत घरी असते.

घागरीचं सामान भाऊ आणि आई आणतीलच: मातीची घागर, तिच्यावर ठेवायचं छोटं मडकं म्हणजे करा, खरबूज, आंबे. पण सांजोऱ्या तू आणि आई मिळून करा. पितरांना दिल्याशिवाय आपल्याकडे कितीतरी घरांत वर्षाचा पहिला आंबा कोणी तोंडात घालत नाही. सुरतेत आंबे कधीच आले असतील. तुमच्या घरीही तेवढे दिवस थांबा, पोरालाही सांगा की आजोबांचं झाल्यावर आपलं. त्याला आजोबा फारसे आठवत नसतील, पण ज्यांच्यासाठी आंबा थांबवला ते आजोबा लक्षात राहतील.

तिकिटं काढलीत का? पत्रात कुठे दिसलं नाही म्हणून विचारते. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं, १२० नाही, आणि सुट्ट्यांच्या दिवसांत ताप्ती लाईनच्या लांब पल्ल्याच्या गाड्या उत्तरेकडे जाणाऱ्या माणसांनी खचाखच भरतात. आज रात्री वही उघडाल तेव्हा पहिली ओळ तिकिटाची लिहा. राहिलंच तर आदल्या दिवशी सकाळी ११ वाजता स्लीपरचं तत्काळ उघडतं, पण आता ऑनलाइन तत्काळला आधार जोडलेलं खातं लागतं, ते आधीच करून ठेवा. परतीचंही आताच काढा. जाताना माणूस कसाही जातो, येताना हाल होतात.

गाडीत दशम्या आणि ठेचा घे, पाण्याच्या बाटल्यांना ओला फडका गुंडाळ. नवापूर आलं की पोराला उठव. ते स्टेशन निम्मं गुजरातेत आणि निम्मं महाराष्ट्रात आहे. त्याला फलाटावर उतरवून इकडून तिकडे एक उडी मारायला लाव, बापाचा हात धरून. तिथून पुढे नंदुरबार, मग दोंडाईचा. आईने फोनवर ‘कव्हय येशी वं’ विचारलं की आता तिला तारीख आणि गाडीची वेळ दोन्ही सांग, तिला मोजायला बरं पडेल.

आणि तो तुपाचा डबा निघेपर्यंत रिकामा झालेला असेल. तो घरी ठेवून येऊ नकोस, घासून, उन्हात वाळवून बरोबर ने. यंदाचं वाळवण झालेलं असणार. पापड पिशवीतून येतात, बिबड्याही फडक्यात बांधून येतात, पण कुरडया गाडीच्या गर्दीत चुरा होतात. आई त्या डब्यात नीट रचून देईल.

— तुझी मावशी